मर्ढेकरांची गाडी, अण्णाभाऊंची खाण

मराठीत ‘आधुनिक’ या शब्दाला आपण फार राबवून घेतलं आहे. बोरिवलीत नवा टॉवर उभा राहिला की होर्डिंगवर ‘आधुनिक सुखसोयी’ झळकतात. लग्नाच्या जाहिरातीत मुलगी ‘आधुनिक विचारांची, पण घर सांभाळणारी’ हवी असते. एमएच्या वर्गात ‘आधुनिक मराठी कविता’ शिकवतात; त्यात केशवसुतही येतात, मर्ढेकरही येतात आणि ढसाळही. बिल्डरला लिफ्ट, जिम आणि पार्किंग म्हणायचं असतं. लग्नवाल्यांना पगार आणणारी, पण उलट न बोलणारी सून म्हणायचं असतं. आणि कवितेच्या वर्गात? तिथे हा एकच शब्द दोन अगदी वेगळ्या गोष्टींसाठी वापरला जातो. त्या दोन गोष्टींचं आपसात फारसं पटत नाही, हे बहुतेक वेळा कुणी सांगत नाही.

इंग्रजीत त्यांना दोन शब्द आहेत, मॉडर्निटी आणि मॉडर्निझम. मराठीतही आहेत: आधुनिकता आणि आधुनिकतावाद. पण कानाला फरक एवढासा वाटतो, की जणू आधुनिकता म्हणजे दूध आणि आधुनिकतावाद म्हणजे त्यावर आलेली साय. आधी माणूस आधुनिक होतो, मग आणखी मुरला की आधुनिकतावादी होतो, अशी काहीतरी आपली समजूत असते. ही समजूत वाटते तेवढी निरुपद्रवी नाही. तिच्यामुळे मराठीतले काही लेखक वरच्या फळीवर गेले आणि काही खालच्या. मला त्या फळ्यांबद्दल बोलायचं आहे.

घर आणि घरातलं भांडण

आधी आधुनिकता. १७८४ साली इमॅन्युएल कांट या जर्मन तत्त्वज्ञानं एका छोट्या निबंधात, प्रबोधन म्हणजे काय, या प्रश्नाचं उत्तर दिलं. त्याचा मथितार्थ असा: माणूस अजाण राहतो तो अक्कल नसते म्हणून नाही. दुसऱ्या कुणी बोट धरल्याशिवाय स्वतःची अक्कल वापरायचं धाडस त्याला होत नाही म्हणून. राजा, पुरोहित, पोथी, वडीलधारे यांच्या परवानगीची वाट न पाहता विचार करायला लागणं, हे प्रबोधन. पाचच वर्षांनी, १७८९ मध्ये, फ्रेंच राज्यक्रांती झाली. त्याच्या पुढेमागे कारखाने आले, घड्याळाची वेळ आली, वर्तमानपत्रं आली, रेल्वे आली, अनोळखी माणसांनी भरलेली मोठी शहरं आली. जन्मावरून माणसाची जागा ठरू नये, उद्याचा दिवस कालच्यापेक्षा वेगळा असू शकतो आणि तो आपण घडवू शकतो, हा विश्वास या सगळ्यातून तयार झाला. या एकूण स्थितीला आधुनिकता म्हणायचं. ती कुणा कवीची शैली नाही, लाखो लोकांच्या जगण्याची रीत आहे.

रूळ, वीज, लिफ्ट, मोबाइल ही तिची सामग्री. सामग्री आणण्याला आधुनिकीकरण म्हणतात. सामग्री आली की वृत्तीही येतेच असं नाही; हा मुद्दा पुढे लागणार आहे.

आता आधुनिकतावाद. माक्स वेबर या समाजशास्त्रज्ञानं १९१७ सालच्या एका व्याख्यानात सांगितलं, की सगळं मोजता येतं, सगळ्याचा हिशेब लावता येतो, असं मानणाऱ्या काळात जगावरची जादू उतरून जाते. विज्ञान खूप काही सांगतं, पण जगायचं कशासाठी, हे सांगत नाही. वेबर हे बोलत होता तेव्हा पहिलं महायुद्ध चालू होतं. कारखाना, शिस्त, वेळापत्रक, रसायनशास्त्र या आधुनिकतेच्या लाडक्या गोष्टी लाखो तरुणांना खंदकात मारायच्या कामी आल्या होत्या. प्रगतीची गाडी सरळ पुढेच जाते यावरचा विश्वास उडाला, तेव्हा सरळ पुढे जाणारी गोष्टही खोटी वाटू लागली. १९२२ साली जेम्स जॉइसची ‘युलिसिस’ आणि टी. एस. एलियटची ‘द वेस्ट लँड’ आली. एकीत एका दिवसाची कादंबरी शेकडो पानं चालते, दुसरीत कविता तुकड्यातुकड्यांनी बोलते. काळ मोडला, वाक्य मोडलं, ‘मी’ मोडला. चित्रात पिकासोनं चेहरा मोडला तो त्याच्याही आधी. साधारण एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून दुसऱ्या महायुद्धापर्यंत कलेत जी ही मोडतोड झाली, तिला आधुनिकतावाद म्हणतात.

मुंबईच्या माणसाला कळेल असं सांगायचं तर, आधुनिकता हे घर आहे आणि आधुनिकतावाद हे त्या घरात राहणाऱ्यांचं घराशी भांडण आहे. भिंती थंड आहेत, शेजारी अनोळखी आहेत, खिडकीतून आभाळ दिसत नाही, असं ते भांडण. खरं आहे, मोलाचं आहे. पण घराशी असं भांडायला आधी घरात असावं लागतं. जो अजून दाराबाहेर उभा आहे त्याचंही भांडण असतं, पण ते आत घ्या म्हणून असतं. ही दोन भांडणं एकच समजली की टीकेचा घोटाळा होतो.

पॅरिस १८५७, मुंबई १८५७

हा फरक तारखांमध्येच दिसतो. १८५३ साली ओसमान नावाचा अधिकारी पॅरिसचा कारभारी झाला आणि त्यानं जुनं शहर पाडून रुंद, सरळ रस्ते काढायला सुरुवात केली. आजच्या भाषेत, अख्ख्या पॅरिसचं रिडेव्हलपमेंट. त्याच वर्षी १६ एप्रिलला बोरीबंदरहून ठाण्याला भारतातली पहिली प्रवासी रेल्वे गेली. या मार्गाची कल्पना जॉर्ज क्लार्क या अभियंत्याला १८४३ मध्ये भांडुपला आला असताना सुचली, असं रेल्वेच्या इतिहासात सांगतात. म्हणजे घाटकोपर, भांडुप, मुलुंड ही आपली ‘लांबची’ उपनगरं आधुनिकतेच्या वाटेवर पहिल्या दिवसापासून आहेत.

१८५७ साली पॅरिसमध्ये शार्ल बोदलेरचा कवितासंग्रह आला. नावाचा अर्थ ‘दुरिताची फुलं’. गर्दी, गलिच्छ गल्ल्या, वेश्या, कंटाळा, पाडलेलं शहर हे सगळं त्यानं कवितेत आणलं. त्याच ऑगस्टमध्ये त्याच्यावर खटला झाला, दंड झाला, सहा कविता गाळायला लागल्या. पुढे १८६३ मध्ये एका निबंधात त्यानं आधुनिकतेची खूण सांगितली: जे क्षणिक आहे, निसटून जाणारं आहे, ते पकडणं. आधुनिकतावादाची मुळं शोधताना बहुतेक समीक्षक बोदलेरपाशी येऊन थांबतात.

आणि आपल्याकडे? बोदलेरच्या तीन वर्षं आधी, १८५४ मध्ये, पुण्यात सावित्रीबाई फुल्यांचा ‘काव्यफुले’ हा संग्रह निघाला. फुलं इथेही आहेत, पण ती वेगळ्या मातीतली. सावित्रीबाईंची कविता शिका म्हणून सांगते, ज्ञान घ्या म्हणून सांगते. १८४८ पासून त्या मुलींना शिकवत होत्या आणि शाळेच्या वाटेवर अंगावर शेण-दगड झेलत होत्या. कवितेबद्दल बोदलेरला शिक्षा कोर्टानं दिली. शिकवण्याबद्दल सावित्रीबाईंना शिक्षा रस्त्यानं दिली. बोदलेर खटल्याला सामोरा जात होता त्याच्या एकच महिना आधी, १८ जुलै १८५७ ला, मुंबई विद्यापीठ स्थापन झालं. एका शहरात कवी घराला कंटाळला होता. दुसऱ्या शहरात घराचं दार नुकतं किलकिलं होत होतं, तेही मोजक्यांसाठी.

मला यातून बोदलेर लहान आणि सावित्रीबाई मोठ्या असं म्हणायचं नाही. दोघांना एकाच फूटपट्टीनं मोजता येत नाही, एवढंच म्हणायचं आहे. बोदलेरच्या फूटपट्टीनं ‘काव्यफुले’ मोजली तर ती सरळ, उपदेशाची वाटेल. सावित्रीबाईंच्या फूटपट्टीनं बोदलेर मोजला तर तो खाऊनपिऊन कंटाळलेला वाटेल. दोन्ही निकाल चुकीचे, कारण प्रश्नच चुकीचा.

गाडी

आता आपल्या वर्गातल्या त्या पेपरकडे येऊ. केशवसुत (१८६६–१९०५) हे आधुनिक मराठी कवितेचे जनक. त्यांनी सॉनेट मराठीत आणलं, १८९३ मध्ये ‘तुतारी’ लिहिली. तुतारी कशासाठी? जुनं जाऊ द्या, रूढी मोडा, नव्याचं स्वागत करा, यासाठी. हा आधुनिकतेचा कवी आहे. त्याचा नव्यावर विश्वास आहे.

अर्धशतकानंतर, १९४७ मध्ये, बा. सी. मर्ढेकरांचा ‘काही कविता’ आला. बोदलेरसारखाच मर्ढेकरांवरही अश्लीलतेचा खटला झाला. त्यातून ते निर्दोष सुटले. मर्ढेकर इंग्लंडमध्ये राहून आलेले, एलियट वाचलेले, आकाशवाणीत नोकरी करणारे. पिंपात मेलेल्या उंदरांची त्यांची कविता शाळेत नाही तर कॉलेजात तरी आपल्या कानावर पडलेली असते. त्या उंदरांना नाव नाही, इच्छा नाही, जगण्यामरण्यावर त्यांचा स्वतःचा अधिकार नाही. शहरातल्या माणसाचं हे चित्र आहे. हा आधुनिकतावादाचा कवी आहे. केशवसुतांनी ज्या नव्याची तुतारी फुंकली, ते नवं येऊन स्थिरावल्यावर त्यात काय कुजलं, हे मर्ढेकर दाखवतात.

म्हणजे ‘आधुनिक मराठी कविता’ या एका नावाखाली आपण स्वागत आणि तक्रार अशी दोन्ही एकापाठोपाठ वाचतो. मर्ढेकर केशवसुतांच्या पुढची पायरी नाहीत. ते केशवसुतांना दिलेलं उत्तर आहेत.

मर्ढेकरांची मला सगळ्यात जवळची वाटणारी कविता उंदरांची नाही, कारकुनाच्या सकाळची आहे. उठायचं, चहा-कॉफी घ्यायची, विजेवर चालणारी गाडी गाठायची, साहेबापुढे वाकायचं. आणि हे सगळं अभंगाच्या चालीत. ज्या छंदात संतांनी देवाची भेट सांगितली, त्यात मर्ढेकर ऑफिसचं टाइमटेबल सांगतात. आधुनिकतावाद काय करतो ते समजून घ्यायला यापेक्षा चांगलं उदाहरण मराठीत मला माहीत नाही. विजेची गाडी ही आधुनिकता. मुंबईत ती ३ फेब्रुवारी १९२५ ला व्हिक्टोरिया टर्मिनस ते कुर्ला धावली आणि जानेवारी १९२८ मध्ये कुलाबा ते बोरिवली. तिच्यामुळेच उपनगरात राहणारा आणि फोर्टात नोकरी करणारा कारकून मोठ्या संख्येनं जन्माला आला. आणि त्या गाडीला अभंगात बसवून, आता पूजा कशाची चालली आहे ते दाखवणं, हा आधुनिकतावाद. मर्ढेकरांनी हे सगळं एलियटकडून उसनं घेतलं, असा आरोप करणाऱ्यांनी ही कविता पुन्हा वाचावी. अभंग कुणी लंडनहून आणला नव्हता. आपल्या परंपरेकडे असं नव्यानं बघण्याची ही वाट पुढे अरुण कोलटकर आणि दिलीप चित्रे यांनीही धरली. १९५४ मध्ये ‘शब्द’ हे अनियतकालिक काढणारे हे तरुण तुकारामाकडे वळले, त्याचे अनुवाद केले.

गेऑर्ग झिमेल या जर्मन विचारवंतानं शंभरएक वर्षांपूर्वी लिहून ठेवलं आहे, की बस, रेल्वे, ट्राम येण्याआधी माणसांवर एकमेकांकडे बराच वेळ, एक शब्दही न बोलता, बघत बसायची वेळ आली नव्हती. मोठ्या शहरातला माणूस मन बधिर करून घेतो, नाहीतर तो वेडा होईल, असंही १९०३ च्या एका निबंधात तो म्हणतो. घाटकोपर स्टेशनवर सकाळी पावणेनऊला मेट्रोच्या जिन्याखाली उभं राहिलं की झिमेल वेगळा वाचावा लागत नाही.

पण इथेच मला मर्ढेकरांच्या गाडीत एक रिकामी जागा दिसते. त्या कवितेतला प्रवासी पुरुष आहे. माझ्या आईनं घाटकोपरहून सव्वीस वर्षं हीच विजेची गाडी पकडली. तिला विचारलं तर ती गाडीला कैद म्हणत नाही. गर्दीला शिव्या घालते, मेगाब्लॉकला शिव्या घालते, पण गाडीतला तास हा दिवसातला एकमेव तास होता, जेव्हा ती कुणाची सून नव्हती, असंही सांगते. लेडीज डब्यात भाजी निवडली जायची, डोहाळजेवणं व्हायची, भिशी लागायची, नवऱ्याला न सांगता पहिलं बँकेचं पुस्तक कसं काढायचं याचे सल्ले मिळायचे. ५ मे १९९२ ला चर्चगेट–बोरिवली अशी पहिली लेडीज स्पेशल सुरू झाली, तेव्हा डब्याची अख्खी गाडी झाली. कारकुनाला जी गाडी पिंजरा वाटली, तीच गाडी बाईला दार वाटली. गाडी एकच. कोण कुठून चढलं यावर ती काय आहे ते ठरतं.

घड्याळाचंही तसंच. घड्याळानं माणसाचा जीव रिकामा केला, हे मर्ढेकर सांगतात. पण त्याच मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे नावाच्या सत्यशोधकानं १८८४ मध्ये गिरणी कामगारांची संघटना उभी केली आणि १० जून १८९० ला रविवारची सुट्टी मिळवली. त्यांनी घड्याळ फेकून द्या म्हटलं नाही. घड्याळातला आमचा वाटा द्या म्हटलं. आजही रविवारी उशिरा उठताना आपण लोखंड्यांनी मिळवलेली आधुनिकता जगत असतो आणि सोमवारी सकाळी मर्ढेकरांची कविता.

खाण

आता खालच्या फळीकडे. घाटकोपरच्या चिरागनगरात अण्णाभाऊ साठे राहत होते. १९२० साली सांगलीकडच्या वाटेगावात मातंग समाजात जन्म, शाळा दीड दिवसाची, मुंबईला आले ते पायी चालत. अमर शेख आणि गवाणकरांबरोबर लाल बावटा कलापथक उभं केलं. १९५९ मध्ये ‘फकिरा’ लिहिली आणि ती बाबासाहेब आंबेडकरांना अर्पण केली. १९५८ मध्ये मुंबईत भरलेल्या पहिल्या दलित साहित्य संमेलनाचं उद्घाटन केलं. आज त्यांच्या नावाच्या पाट्या गावोगाव आहेत, मिरवणुका आहेत. पण नवकथा, नवकाव्य शिकवताना त्यांचं नाव किती वेळा येतं? आलंच तर ‘लोकप्रिय’, ‘प्रचारकी’, ‘सरळसोट’ ही विशेषणं बरोबर येतात. त्यांच्या गोष्टीत काळ मोडत नाही, वाक्य मोडत नाही. गंगाधर गाडगिळांच्या कथेत माणसाच्या मनातले कानेकोपरे उलगडतात, तसं इथे होत नाही. मग हा आधुनिक कसा, असा न बोललेला प्रश्न.

त्यांची ‘स्मशानातील सोनं’ ही कथा घ्या. ती उपनगराच्या कडेला घडते. भीमा नावाचा वारणेकाठचा धिप्पाड माणूस बायको-मुलीला घेऊन मुंबईला येतो आणि दगडाच्या खाणीत काम करतो. खाण बंद पडते. भुकेच्या पोटी त्याला स्मशानातल्या राखेत सोन्याचा कण सापडतो आणि मग तो रात्री राख चाळू लागतो, प्रेतं उकरू लागतो. एका रात्री कोल्ह्यांशी झुंजून तो प्रेतापर्यंत पोचतो, तोंडात सोनं शोधताना त्याची बोटं मेलेल्याच्या दातांत अडकतात. बोटं जातात. आणि त्याच वेळी कळतं, की खाण पुन्हा सुरू झाली आहे.

आता कांट आणि वेबर आठवा. वेबरच्या युरोपात जगावरची जादू विज्ञानानं उतरवली. भीमाच्या जगात ती भुकेनं उतरते. स्मशानात भुतं असतात असं वस्ती मानते, त्याची बायको घाबरते. भीमा घाबरत नाही. कुणी पुस्तक वाचायला न देता, कुणी बोट न धरता, तो स्वतःच्या अकलेनं भुताखेतांच्या पलीकडे जातो. आणि तिथे गेल्यावर त्याला मुक्ती मिळत नाही, कोल्हे मिळतात. आधुनिकतेची एवढी कठोर तपासणी करायला अण्णाभाऊंना वाक्य मोडायची गरज पडली नाही. त्यांनी माणसाची बोटं मोडलेली दाखवली.

मर्ढेकरांचे उंदीर आणि अण्णाभाऊंचा भीमा शेजारी ठेवून वाचले तर दोन वृत्तींमधला फरक हातात येतो. शहर माणसाला काय करतं, हा दोघांचा प्रश्न आहे. मर्ढेकर नाव पुसतात. सगळे सारखे, सगळे ओले, सगळे मेलेले. कारण शहरानं नाव पुसलं, हीच त्यांची तक्रार आहे. अण्णाभाऊ नाव देतात, गाव देतात, मुलगी देतात. कारण ज्यांना शहरानंच काय, गावानंही कधी धड नावानं हाक मारली नाही, त्यांच्यासाठी नाव असणं हीच पहिली आधुनिक गोष्ट आहे. ज्याच्याकडे ‘मी’ होता तो ‘मी’ मोडू शकतो. ज्याला ‘मी’ म्हणायचा हक्कच नव्हता त्याला आधी तो घडवावा लागतो. अण्णाभाऊंची गोष्ट सरळ आहे ती मागासलेली म्हणून नाही. ती बांधकाम आहे, आणि बांधकाम सरळ लागतं.

दोन्ही भांडणं एका तोंडानं

इथे कुणी म्हणेल, म्हणजे आधुनिकतावाद हे पोट भरलेल्यांचं दुखणं? हे म्हणणं सोपं आहे आणि मला ते पटत नाही. पटत नाही याचं कारण नामदेव ढसाळ.

१९७२ साली विजय तेंडुलकरांच्या प्रस्तावनेसह ‘गोलपिठा’ आला, त्याच वर्षी दलित पँथर स्थापन झाली. ढसाळ टॅक्सी चालवत होते, कामाठीपुऱ्याच्या परिसरात वाढले होते. त्यांची कविता वाचताना वाक्य फुटतं, प्रतिमा एकमेकींवर आदळतात, शिवी आणि स्तोत्र एका ओळीत येतात. म्हणजे आधुनिकतावादाची सगळी हत्यारं. पण बोदलेर किंवा मर्ढेकर जसे घराच्या आतून घराशी भांडतात, तसं ते भांडण नाही. ढसाळ दाराबाहेर उभे राहून दार फोडतात, आणि त्याच वेळी, आत तुम्ही जे सजवून ठेवलं आहे तेही सडलं आहे, हे सांगतात. घर आमचंही आहे आणि घर वाईट आहे, ही दोन्ही वाक्यं एका दमात. युरोपात आधी आधुनिकता आली आणि बऱ्याच काळानं तिच्यावर रुसलेला आधुनिकतावाद आला. आपल्याकडे दोन्ही एकाच गल्लीत, एकाच वेळी आले. म्हणून पश्चिमेकडचा हिशेब इथे जसाच्या तसा लागत नाही.

आणि तरी ढसाळांपाशीही गोष्ट संपत नाही. १९८४ मध्ये मल्लिका अमर शेख यांचं ‘मला उद्ध्वस्त व्हायचंय’ हे आत्मकथन आलं. शाहिराची मुलगी, कवीची बायको, स्वतः कवयित्री. क्रांतीच्या घरात बाईच्या वाट्याला काय येतं, हे त्यांनी कुणाची भीड न ठेवता लिहिलं. कविता कितीही आधुनिकतावादी असली, मोर्चा कितीही मोठा असला, तरी स्वयंपाकघरापर्यंत आधुनिकता पोचली की नाही हे वेगळं तपासावं लागतं. या पुस्तकानं ते तपासलं.

काचेचा टॉवर आणि आडनाव

या सगळ्याशी आज आपला काय संबंध, असं वाटत असेल तर उपनगरात भाड्यानं घर शोधून बघा. माझी एक मैत्रीण गेल्या वर्षी शोधत होती. इमारत नवी, लॉबीत संगमरवर, गेटवर चेहरा ओळखणारा कॅमेरा, भाडं ॲपवरून. सगळं जमलं. मग शेवटी विचारलं गेलं, ‘आडनाव काय?’ आणि त्यानंतर ‘नॉनव्हेज खाता का?’ घर मिळालं नाही. अशा गोष्टी अंधेरी, मुलुंड, घाटकोपर, बोरिवली, सगळीकडे ऐकू येतात. कुणाला धर्मावरून, कुणाला ताटावरून, कुणाला एकटी बाई म्हणून, कुणाला जात न विचारता जात हुडकून. आधुनिकीकरण तिसाव्या मजल्यावर पोचलं आहे. आधुनिकता अजून गेटवर नाव लिहिते आहे.

२५ नोव्हेंबर १९४९ ला संविधान सभेत बाबासाहेब नेमकं हेच सांगत होते. २६ जानेवारीपासून आपण विसंगतीच्या आयुष्यात शिरणार आहोत, राजकारणात समता असेल आणि सामाजिक, आर्थिक आयुष्यात विषमता, हा त्यांचा इशारा होता. तीसेक वर्षांनी, १९८० मध्ये, युर्गेन हाबरमास या जर्मन तत्त्वज्ञानं आधुनिकता हा अपुरा राहिलेला प्रकल्प आहे, तो मोडीत काढू नका, पुरा करा, असं मांडलं. हाबरमास वाचायला मिळाला नाही तरी चालेल. आपल्याकडे ही गोष्ट आधीच आणि जास्त धारदारपणे सांगून झाली आहे.

आधुनिकता फसली, विवेक म्हणजे नुसती दडपशाही, समता ही पश्चिमेकडून आलेली फॅशन, असं हल्ली बरेच जण बोलतात. काही जण हे जुन्या वैभवाच्या आठवणीनं बोलतात, काही जण जड पुस्तकं वाचून. मर्ढेकरांच्या तक्रारीचा आधार घेऊन केशवसुतांची तुतारीच काढून घ्यायची, असा हा डाव आहे. म्हणून दोन शब्दांमधला फरक मला परीक्षेतल्या टिपेपुरता वाटत नाही. घराशी भांडणाऱ्याला ऐकायलाच हवं, नाहीतर घर तुरुंग होतं. पण त्याचं भांडण हे दार बंद करायचं कारण होऊ देता कामा नये. बाहेर अजून माणसं उभी आहेत.

तेव्हा यापुढे एखादं पुस्तक ‘आधुनिक’ म्हणून हातात आलं, तर फळीवरची जागा ठरवण्याआधी त्याला दोन प्रश्न विचारून बघा. हा लेखक कुठे उभा आहे, आत की बाहेर? आणि त्याला काय हवं आहे, आत यायचं आहे, बाहेर पडायचं आहे, की भिंतच हलवायची आहे? सुरुवातीला फार लांब जायला नको. मर्ढेकरांची कारकुनाच्या सकाळची कविता आणि अण्णाभाऊंची ‘स्मशानातील सोनं’ लागोपाठ वाचा. दोन्ही मिळून घाटकोपर ते सीएसएमटी स्लो लोकलच्या प्रवासात वाचून होतात, बसायला जागा मिळाली तर.